चीजवस्तू

शाली निघाल्या ११२.

दादाने यादीत ‘शाली – अंदाजे ४०’ असं लिहून ठेवलं होतं. ट्रंकेचं झाकण उघडलं, डांबरगोळ्यांचा वास घरभर झाला, वहिनी एकेक घडी बाहेर काढून मोजू लागल्या आणि सत्तरच्या पुढे गेल्यावर आम्हा तिघांनाही हसू आवरेना. मरून, भगव्या, मोरपंखी. बऱ्याचशांची प्लास्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. आमच्याकडे गवयाला बिदागी देताना हात आखडतो, पण शाल-श्रीफळात कुणी कसर करत नाही. नारळाची चटणी होऊन जाते, शाल मागे राहते. गुरुजी स्वतःही यातल्या काही पुढे सरकवत. गावात कुणाचा सत्कार निघाला की ट्रंकेतली एक शाल पिशवीत घालून निघायचे. अशी एक शाल दोन वर्षांनी भलत्याच कार्यक्रमात त्यांच्याच खांद्यावर येऊन पडली. किनारीवरच्या शाईच्या डागावरून त्यांनी ती ओळखली. घरी आले आणि म्हणाले, “चार आवर्तनं फिरली, पण समेवर आली.”

गुरुजींचं नाव मी इथे लिहीत नाही. मोठं नाव नव्हतंच ते. शाळेत संगीतशिक्षक, संध्याकाळी घरी क्लास, सणावारी देवळात गाणं, अधूनमधून आकाशवाणी. अंबडला दत्तजयंतीला शास्त्रीय संगीताचा जो उत्सव होतो, गोविंदराव जळगावकरांच्या नावाशी जोडलेला, तिथे मोठ्या गवयांच्या मागे तंबोऱ्यावर बसण्यात त्यांना धन्यता वाटायची. एकदा दोनदा तिथे स्वतः गायलेही. त्या मैफलीचा फोटो ढेलजेत टांगलेला होता. फोटोत गुरुजी डोळे मिटून, आणि शेजारचा तबलजी घड्याळाकडे बघतोय. हा फोटो त्यांनी कधी बदलला नाही. विद्यार्थ्याला गर्व चढलेला दिसला की त्याला त्या फोटोपुढे उभं करायचे.

घर जुन्या जालन्यातलं, कुंडलिकेच्या अंगाचं. माळवदाचं. दिंडीतून वाकून आत शिरलं की ढेलज, ढेलजेत सतरंजी आणि सतरंजीवर आम्ही. १९८१ च्या महाराष्ट्रदिनी जालना जिल्हा झाला, त्याच्या तीन-चार वर्षांनंतरची गोष्ट. मी बारा वर्षांचा. सहा वर्षं शिकलो, मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या, मग बँकेची परीक्षा आली आणि गाणं मागे पडलं. सुटलं म्हणत नाही. सुटलं असतं तर गुरुजी रस्त्यात दिसल्यावर मी सायकल दुसऱ्या गल्लीत घातली नसती.

त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. दादा, त्यांचा मुलगा, पुण्यात. घराचा सौदा ठरला होता आणि पावसाळ्याआधी ताबा द्यायचा होता. त्याचा फोन आला, “तू ये दोन दिवस. कशाला काय म्हणतात तेही मला ठाऊक नाही. आयुष्यभर घरात होतं, पण मी लांबच राहिलो.” त्याची यादी नीट आखलेली होती : वस्तू, नग, अपेक्षित किंमत, शेरा. वरती मथळा होता ‘चीजवस्तू’. आईचा शब्द, तो म्हणाला. गावाला जाताना ती बजावायची, चीजवस्तू सांभाळा रे.

मी त्या मथळ्याकडे पाहत राहिलो. घरातल्या सामानाला आपण चीजवस्तू म्हणतो, आणि आता सगळे जिला बंदिश म्हणतात तिला गुरुजींच्या पिढीतली माणसं चीज म्हणायची. “आज नवी चीज सांगतो” म्हणायचे. शब्द फारसीतून आलेला, आणि त्याचा अर्थही वस्तू एवढाच. गाणाऱ्यांनी चीजेला वस्तूसारखंच वागवलं आहे. कुलपात ठेवलं, पोरांना दिलं, परक्यापासून लपवलं. तबल्याच्या फरुखाबाद घराण्यात सांगतात की हाजी विलायत अली खाँना लखनौच्या बख्शू खाँकडून मुलीबरोबर गतीही हुंड्यात मिळाल्या. त्यांना जहेजी गती म्हणतात. भातखंडे मुंबईचे वकील. ते उस्तादांच्या दारोदार फिरले, मिनतवाऱ्या केल्या आणि मिळालेल्या चीजा स्वरलिपीत बांधून क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. तेव्हा काही उस्तादांना घर लुटल्यासारखं वाटलं असेल तर नवल नाही. दादाच्या यादीत मात्र वस्तूच वस्तू होत्या. चीजांचा रकाना नव्हता.

पहिल्या दिवशी भंगारवाले चाचा आले. साठीपुढचे, पांढरी दाढी, खिशाला दोन पेनं. त्यांच्यासमोर स्मृतिचिन्हांचा ढीग मांडला. सरस्वती, वीणा, दीपस्तंभ, काचेत कोंडलेला ताजमहालासारखा काहीतरी घुमट. खाली पट्टी : अमुक मंडळातर्फे सप्रेम भेट. चार पट्ट्यांवर गुरुजींच्या आडनावाचं शुद्धलेखन चार तऱ्हेचं. दादाला वाटलं होतं पितळ आहे, वजनाला बरं भरेल. चाचांनी खिळ्याने सरस्वतीच्या पाठीवर एक ओरखडा काढला. आत करडं निघालं. “पितल नहीं साहब, पानी चढ़ाया है.” मग लाकूड वेगळं, काच वेगळी, पत्रा वेगळा, असा तिथेच ढेलजेत सत्कारांचा हिशेब सुरू झाला. पट्ट्या त्यांनी उपसून दादाच्या हातात दिल्या. “नाम रख लो. नाम का वजन नहीं होता.” बोलण्याची सवय असेल त्यांची. ते लगेच काट्याकडे वळले.

भंगाराचं आम्हा जालनेकरांना नवल नाही. आमचं गाव जुन्या लोखंडावर उभं आहे. दूरदूरहून ट्रक भरभरून मोडतोड येते. मोटारींचे पत्रे, मशिनींचे सांगाडे, कुणाच्या तरी गच्चीचे कठडे. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांत ती वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. महाराष्ट्रात कितीतरी घरांच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई आहे. लहानपणी मला त्या भट्ट्यांची भीती वाटायची. आगीची नाही, आत गेलेलं काहीच पुन्हा ओळखू येत नाही याची.

वाद्यंही भट्टीत जातात. उस्ताद बिस्मिल्ला खाँ २००६ साली गेले, भारतरत्न मिळाल्यावर पाच वर्षांनी. त्यांच्या शहनाया घरात होत्या, त्यातल्या काही चांदीच्या, मोठमोठ्यांनी भेट दिलेल्या. २०१६ च्या डिसेंबरात वाराणसीतल्या त्यांच्या मुलाच्या घरातून त्या चोरीला गेल्या. पुढच्या महिन्यात पोलिसांनी छडा लावला तो घरातच : नातवाने त्या सराफाला विकल्या होत्या, १७,००० रुपयांना. हाती लागली एक लाकडी शहनाई आणि वितळवलेली चांदी. ती बातमी वाचून मी तेव्हा हळहळलो होतो. आज त्या ढेलजेत बसून वेगळंच मनात आलं. सराफाने आपल्या धंद्याप्रमाणे चांदीचाच भाव केला. शहनाईचा भाव करणारं गिऱ्हाईक त्या पोराला कुठे भेटणार होतं? आणि तो त्याच्या शोधात निघाला तरी असता का?

दादाकडे याचं उत्तर तयार होतं. रात्री जेवताना त्याने मोबाइलवर लंडनचा लिलाव दाखवला. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फारुख बुलसारा. त्याचं घरचं सामान २०२३ च्या सप्टेंबरात सदबीजने विकायला काढलं. लिलावाआधी महिनाभर ते लोकांना फुकट पाहायला ठेवलं होतं, तर रांगा लागल्या. त्याचा यामाहा पियानो सतरा लाख पौंडांच्या वर गेला. “ते सोड,” दादा म्हणाला, “हे बघ.” मिशी विंचरायची चांदीची एवढीशी फणी. दीड लाख पौंडांच्या वर, म्हणजे आपले दीड कोटी. वहिनी म्हणाल्या, “बाबांच्या दाढीचा ब्रश ठेवलाय मी, बघा कुणी घेतं का.” आम्ही पुन्हा हसलो. पण त्या फणीपुढे पैसे मोजणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. ज्याचं गाणं आपल्या तारुण्यात घुमलं त्याच्या अंगाला लागलेली एक वस्तू त्याला हवी होती. गुरुजींच्याही बाबतीत हे झालं, फक्त पैसे फिरले नाहीत. दुसऱ्या दिवशी एक जुना विद्यार्थी आला. आता किराणा दुकान चालवतो. त्याने सगळं सामान नजरेखालून घातलं आणि हळूच विचारलं, “ती पट्टी आहे का हो?” लाकडी फूटपट्टी, जिने गुरुजी ताल चुकणाऱ्याच्या पोटरीवर मात्रा मोजून द्यायचे. ती देवळीत सापडली. त्याने ती सदऱ्याच्या आत, छातीशी धरून नेली.

पेटी घ्यायला घनसावंगीकडच्या एका खेड्यातले भजनी मंडळाचे चौघं आले. समर्थांचं जांब त्यांच्यापासून जवळच. बोलता बोलता जांबच्या मूर्तींचा विषय निघाला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राममंदिरातून मूर्ती चोरीला गेल्या आणि दोनेक महिन्यांनी सापडल्या. “तेवढे दिवस भजनाला बसलं की आवाजच निघंना,” त्यांच्यातला म्हातारा म्हणाला. “देव काय फक्त मूर्तीत असतोय का, ते समद्यांना ठावं हाय. पर बसायचं कोनाकडं तोंड करून?” वस्तूंचं काय एवढं, असं म्हणायला मी दोन दिवस मनात तयार होत होतो. या वाक्याने ते तोंडातच राहिलं.

त्यांच्यातला जो पेटी वाजवणार होता, तो शेतकरी. एका बियाणे कंपनीसाठी बीजोत्पादनाचा प्लॉट करतो. बियाण्याचा धंदा हीही आमच्या गावाची ओळख. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथे महिको काढली तेव्हापासूनची. त्याने पेटीपुढे मांडी घातली, भाता सोडला आणि काही वाजवायच्या आधी डावीकडून एकेक पट्टी दाबत उजवीकडे गेला. प्रत्येक स्वर दोन क्षण धरायचा, कान तिरपा करायचा, पुढे. पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती उगवले ते मोजतात, अगदी त्या चेहऱ्याने. शेवटी बोटं दुमडून म्हणाला, “सदतीसात चार मुके. म्हणजे उगवण नव्वद टक्क्यांच्या आतबाहेर. घेऊन टाकू.” ९,००० ला सौदा झाला. निघताना ते पेटी टेम्पोत ठेवेनात. मांडीवर घेऊन बसले.

हे सगळं मी अशा थाटात सांगतोय की जणू दोन दिवस मी तिथे चांगुलपणाच करत होतो. आता तंबोऱ्यांचं सांगतो.

तंबोरे दोन, जोडीचे, मिरजेचे. मिरजेच्या या कारागिरांची कथा गुरुजी क्लासात दरवर्षी सांगत. ते मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. तलवारींचा जमाना सरला तसे एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली आणि पेठच्या पेठ त्या धंद्यात आली. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, भीमेच्या काठचा, त्यासाठीच वाढवलेला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते पाहायला गुरुजी नव्हते. त्यातल्या एका तंबोऱ्याची तबली तडकली होती. दुसरा धड. मी गवसणी काढली, गंजलेल्या तारा कशाबशा लावल्या, घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत जवारी शोधली. ही जागा केसाएवढी असते. दोरा अलीकडे असला की तार नुसतीच ठणकते, पलीकडे गेला की बसका आवाज, आणि मधे कुठेतरी एकदम तार फुलते आणि एका तारेत चार स्वर ऐकू येतात. ते झालं. तीस-पस्तीस वर्षांनी माझ्या हातून ते झालं आणि वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

गिऱ्हाइकं दोन. एक मुलगी, विशारदची तयारी करणारी, बापाबरोबर आलेली. धड तंबोऱ्याचे ८,००० देणार होती, तेही दोन हप्त्यांत. दुसरा संभाजीनगरचा एक गृहस्थ, हॉटेलांच्या सजावटीची कामं घेणारा. त्याला दोन्ही हवे होते, दर्शनी दालनात दिव्याखाली उभे करायला. जोडीचे ४०,००० रोख. तडा गेलेला त्याला जास्त आवडला. ‘जुनं दिसतं’ म्हणाला.

दादाने जोडी त्याला दिली.

मी बोललो. बोलू नये ते बोललो. वाजणारं वाद्य दिव्याखाली उभं करायला देणं म्हणजे काय, असं काहीतरी. दादा शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, “तू का नाही घेतलास?”

“माझ्याकडे जागा कुठाय,” मी म्हणालो. आणि ते खरं आहे. फ्लॅट दोन खोल्यांचा आहे. पण मी किंमतसुद्धा विचारली नव्हती. यादी माझ्या हातात दोन दिवस होती.

“हे कसे आले माहितेय तुला?” दादा म्हणाला. “आईच्या पाटल्या मोडून. चार तोळ्यांच्या. मी सहावीत होतो. तिने स्वतः काढून दिल्या, नाही म्हणत नाही मी. पण नंतर लग्नकार्याला निघाली की पदर मनगटावर ओढून घ्यायची. ते मी बघितलंय, तुम्ही नाही बघितलं. तुम्ही ढेलजेत सा लावत होता.” थोडं थांबून म्हणाला, “पाटल्या विकून तंबोरे आले. आता तंबोरे विकून काही आलं तर एवढं काय?”

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. गाण्याच्या घरात पैसा आत येण्याची दिंडी अरुंद असते आणि बाहेर जायचा दरवाजा मोठा. बालगंधर्वांसारख्या बालगंधर्वांच्या कंपनीवर १९२१ साली लाखावर कर्ज निघालं. तरी त्यांनी नादारी घेतली नाही; अंगावर शालू चढवून, भामिनी होऊन, रुक्मिणी होऊन गात गात ते फेडलं. त्या गाण्याचं आपण कौतुक करतो आणि करावंच. पण प्रत्येक अशा गाण्यामागे घरात कुणीतरी मनगटावर पदर ओढून घेतलेला असतो, त्याची नोंद कुठल्या चरित्रात असते? आमच्या शाखेत सोनं तारण घेतात, तंबोरा घेत नाहीत. ते घर अठ्ठावन्न वर्षं जे तारण ठेवून चाललं त्याचा हिशेब दादाच्या वाट्याला आला होता, आणि त्याने तो त्याच्या परीने मिटवला. ती मुलगी जाताना काही बोलली नाही. धड तंबोऱ्याच्या तारेवरून तिने एकदा बोट फिरवलं, माझी जवारी लागलेलीच होती. दिंडीतून बाहेर पडेपर्यंत ती ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उरल्या त्या वह्या.

नऊ वह्या. काही शाळेच्या, दोनरेघी. एक कापडी बांधणीची, कडा कुरतडलेली. यादीत ‘जुने कागद’ या सदरात, अपेक्षित किंमत शून्य. दादाने त्या ठेवायला ना म्हटलं नसतं, पण कुणी मागितल्या नव्हत्या. चाचा शेवटची रद्दी न्यायला आले होते. वर्तमानपत्रं, परीक्षेच्या उत्तरपत्रिका, पत्रिका, वह्या, सगळं एकत्र सुतळीने बांधून काट्यावर चढलं. भाव किलोला १४ रुपये.

१९७२ चा एक कायदा आहे. शंभर वर्षांची वस्तू पुरावशेष ठरते, आणि वाङ्मयीन, ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाचं हस्तलिखित असेल तर पंचाहत्तरच वर्षं पुरतात. मला हे तेव्हा आठवलं असं नाही. तेव्हा मी फक्त एवढंच पाहिलं की सुतळी घट्ट ओढल्यावर कापडी वहीचं एक पान बाहेर आलं आणि चाचा ते आत सारायच्या ऐवजी वाचायला लागले.

गुरुजी निजामाच्या राज्यात शिकले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. तोवरची सारी शाळा उर्दूतून. मराठी घरची, गाणं देवळातलं, आणि हात मात्र उर्दूवर बसलेला. म्हणून त्यांच्या वह्यांत स्वर देवनागरीत, भातखंड्यांच्या पद्धतीने, कोमलाखाली रेघ, तारसप्तकाला वर टिंब. आणि त्या स्वरांखाली चीजेचे बोल उर्दूत, उजवीकडून डावीकडे. म्हणजे एकाच ओळीत स्वर एका दिशेने निघालेले आणि शब्द समोरून येताहेत. आम्हाला शिकवताना ते वही समोर ठेवायचे नाहीत. तोंडाने सांगायचे, आम्ही पाठ करायचो. त्यामुळे आमच्यातल्या कुणालाच या वह्या वाचता येत नाहीत. दादालाही नाहीत. सगळ्या विद्यार्थ्यांना विचारलं असतं तरी एकही निघाला नसता.

चाचांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. “ये उर्दू में लिखा है,” ते म्हणाले, “पर उर्दू नहीं है.” आणि अडखळत वाचू लागले. व्रजातले शब्द त्यांना अनोळखी. एकेक अक्षर जोडत, मधे थांबत, जणू कुणाचं तरी हस्ताक्षरातलं बिल वाचताहेत. दुसऱ्या शब्दावर मला काही वाटलं नाही. चौथ्यावर मान वर झाली. पावसातली चीज होती. मी तेरा-चौदा वर्षांचा असताना, बाहेर पागोळ्या गळत असताना, गुरुजींनी सांगितलेली. पुढचा शब्द चाचा शोधत होते, तो माझ्या तोंडून आला. मग त्याच्या पुढचा. आवाज फाटका, सूर कुठल्या कुठे. स्थायी झाली, अंतऱ्याची अर्धी ओळ आली आणि थांबली. चाचा बोट ठेवून माझी वाट बघत होते. पुढे मला येत नव्हतं. पुढे वहीत होतं.

“ये मैं तौल के नहीं लेता,” म्हणत त्यांनी सुतळी सोडली.

मी त्या दोन दिवसांत विकलं जाण्याचं दुःख फार केलं. आता वाटतं, जे विकलं गेलं ते निदान कुणाला तरी हवं होतं. पेटी मांडीवरून गेली. तंबोऱ्यांना हॉटेलात का होईना, उभं राहायला जागा मिळाली. कोण जाणे, एखाद्या रात्री तिथे उतरलेला कुणी जाणकार उगाच तारेवर बोट फिरवेलही. शाली एका वसतिगृहात गेल्या आणि थंडीत पोरं त्या पांघरतात. आयुष्यात पहिल्यांदाच त्या शालींचं काही चीज झालं. काळजी करायची ती जे कुणीच मागत नाही त्याची. ज्याला भाव नाही ते चोर नेत नाही, वारस वाटून घेत नाही, लिलाववाला मांडत नाही. ते सरळ रद्दीत जातं, आणि आमच्या गावातल्या भट्टीइतकाही आवाज होत नाही.

वह्या माझ्या घरी आहेत. त्यांना मात्र फ्लॅटमध्ये जागा झाली. रविवारी दुपारी, दुकानात वर्दळ नसते तेव्हा, मी कापडी वही घेऊन चाचांकडे जातो. मोठ्या काट्याच्या शेजारी एक खाट आहे, तिच्यावर बसतो. पहिल्या पानावरचा आकडा त्यांनी १३५६ वाचला. हिजरी धरून त्यांचं गणित जुळेना. मला पीककर्जाच्या जुन्या कागदांमुळे फसली सन ओळखीचा. ५९० मिळवले, तर १९४६-४७ निघालं. म्हणजे गुरुजी तेव्हा पंधरा वर्षांच्या आसपास. चाचा वाचतात, मी देवनागरीत उतरवतो. ज्या चीजा मला शिकवल्या होत्या त्या अर्ध्यामुर्ध्या वर येतात. ज्या शिकवल्या नव्हत्या त्यांचे स्वर मी मोबाइलवरच्या तंबोऱ्याबरोबर चाचपडत म्हणून बघतो. दोनदा गिऱ्हाइकं पंखा-कूलर विकायला येऊन ताटकळली.

सध्या अठराव्या पानावर आहोत. गेल्या रविवारी तिथे एका शब्दाशी अडलो. दोनच अक्षरं, बे आणि नून. उर्दूत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. वाचणाऱ्याने तो आपल्या मनाने भरायचा. ‘बन’ असेल किंवा ‘बिन’. चाचा म्हणाले, मागेपुढे बघून ठरवा. मागे मोर होता, पुढे विरह होता. दोन्ही बसत होतं. मात्रा दोन्हींच्या सारख्याच. मी दोन्ही तऱ्हांनी म्हणून पाहिलं. शब्द तारषड्जावर होता, लांब धरलेला. आणि तो सूर धरता धरता मला गुरुजींचं तोंड आठवलं. या जागी आम्हाला दरवेळी हसू यायचं, कारण त्यांचे ओठ कानापर्यंत फाकायचे आणि वरचा एक पडलेला दात दिसायचा. त्याबद्दल मी पट्टीही खाल्ली होती. ‘बन’ म्हणताना ओठ फाकत नाहीत.

“बिन,” मी म्हणालो.

चाचांनी खिशातून पेन काढलं, मग परत ठेवलं आणि हिशेबाच्या वहीतली पेन्सिल घेतली. त्या पहिल्या अक्षराच्या खाली, कागदाला धक्का लागणार नाही इतक्या हलक्या हाताने, त्यांनी एक बारीक तिरकी रेघ ओढली. तिला जेर म्हणतात.